रक्त आईचं, तपासणी बाळाची

किस्से कुठल्याही धंद्यात साठतात. पण वकील ते कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये सांगून मोकळे होतात, मास्तर टीचर्स रूममध्ये सांगतात. आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, हुबळीत भांड्यांचं दुकान चालवतात. ते तर एका गिऱ्हाइकाचा किस्सा पुढच्याच गिऱ्हाइकाला सांगतात! आमच्या कामात मात्र तोंड बंद ठेवायचं असतं. त्यामुळे किस्से बाहेर पडत नाहीत, आत साठत जातात. संध्याकाळी धारवाडला घरी गेल्यावर ऐकायला कोणी नसतं, कारण मी एकटीच राहते. एकदोनदा टीव्हीला सांगून बघितलं. तो ऐकून घेत नाही, आपलंच लावून धरतो!

आज तुम्ही आलाच आहात तर ऐका. नावं सांगणार नाही, गावं थोडी इकडची तिकडे करेन.

मी हुबळीतल्या एका दवाखान्यात जेनेटिक कौन्सेलर आहे. गरोदर बाईच्या दंडातून थोडं रक्त घ्यायचं. त्या रक्तात वारेतून सुटलेले बाळाच्या डीएनएचे बारीक बारीक तुकडे असतात. ते तपासले की डाउन सिंड्रोमसारख्या काही दोषांची शक्यता कमी आहे की जास्त, ते कळतं. पोटात सुई नाही, बाळाला धक्का नाही. फक्त ही खात्रीची तपासणी नव्हे, शक्यतेची. शंका आलीच तर पुढे पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी काढून बघावं लागतं. हे सगळं घरच्यांना समजावून सांगायचं आणि रिपोर्ट आला की तोही सांगायचा, हे माझं काम.

आम्ही तिघं. आमचे मुख्य डॉक्टर इनामदार, रक्त काढणाऱ्या मंजुळाक्का आणि मी. एवढंच आमचं डिपार्टमेंट.

*

माझ्या दारावर नुसतं ‘कौन्सेलर’ लिहिलेलं होतं तेव्हाची गोष्ट. जुन्या हुबळीतले एक गृहस्थ आत आले, खुर्ची ओढून बसले आणि सुरूच झाले.

“मॅडम, नळाला पाणी नाही. आमच्या गल्लीत सोडतात ते निम्म्या रात्री, आणि तेही गटारीसारखं! आमची आई पंच्याऐंशी वर्षांची. तिनं काय हंडे भरायचे?”

मला वाटलं, हळूहळू सुनेच्या गरोदरपणावर येतील. मी मान हलवत राहिले. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, मध्येच तोडायचं नाही. ते पाण्यावरून रस्त्यावर आले, रस्त्यावरून कुत्र्यांवर, कुत्र्यांवरून आईच्या गुडघ्यांवर, आणि शेवटी त्यांच्या गेलेल्या बायकोवर. बायको होती तोवर पाणी कधी येतं हे त्यांना माहीतच नव्हतं म्हणे.

शेवटी मी विचारलं, “घरात कोण गरोदर आहे?”

ते दचकले. “गरोदर? तुम्ही महानगरपालिकेच्या कौन्सिलर न्हवं?”

मी काय ते सांगितलं. उठले, हात जोडले आणि म्हणाले, “असू दे, मॅडम. चुकून आलो, पण निवडून दिलेल्यानं ऐकलं नाही ते तुम्ही ऐकलंत!”

दुसऱ्या दिवशी दारावर ‘जेनेटिक’ शब्द वाढवला. तेव्हापासून तसं कोणी येत नाही. कधी कधी वाटतं, उगाच वाढवला.

*

कौन्सेलिंगच्या सुरुवातीला आम्ही घरातल्या तीन पिढ्यांची आकृती काढतो. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे आडवी रेघ. रक्ताच्या नात्यात लग्न असेल तर दुहेरी रेघ. आपल्या भागात ती विचारावीच लागते.

एका गरोदर मुलीला विचारलं, “नात्यात लग्न झालंय?”

“छे छे, नात्यात नाही.”

“मग मिस्टर कुठले?”

“कुठले म्हणजे? घरातलेच की! माझे सख्खे मामा!”

नवऱ्यानं कागदावर डोकावून बघितलं. त्याची बहीण त्याची सासू झाली होती, रेघा फिरून फिरून तिथंच येत होत्या. म्हणाला, “मॅडम, तुम्ही रांगोळी चांगली काढता!”

शिकाऊ मुली ट्रेनिंगला आल्या की इनामदार सर त्यांना स्वतःच्या घरची आकृती काढायला लावतात. एका वर्षी सर म्हणाले, “मॅडम, तुम्ही पण काढा.” मी काढली. वर अप्पा आणि आई, बाजूला अण्णा, त्यांच्याखाली त्यांच्या मुली आणि नातवंडं. कोपऱ्यात माझा एक गोल. त्याच्या खाली कागद कोरा.

एका मुलीनं विचारलं, “मॅडम, तुमचं अपुरं राहिलंय का?”

“नाही गं,” म्हटलं, “पूर्ण झालंय!”

*

इनामदार सरांचा जर्नल क्लब असतो, दर गुरुवारी. जगात नवीन काय चाललंय ते वाचून एकमेकांना सांगायचं. पूर्वी बरेच डॉक्टर यायचे. मग त्यांचे गुरुवार भरत गेले. आता सर वाचतात, मी ऐकते. मंजुळाक्का चहा पिईपर्यंत थांबतात, मग म्हणतात, “सर, मला इंग्लिश आलं की कळवा हं!” आणि जातात.

मला मात्र आवडतं. आईच्या रक्तातून आता एकेका जनुकाचे आजार शोधायचे प्रयत्न चाललेत. थॅलेसेमियासारखे. कोणी बाळाचा अख्खा जीनोम वाचायच्या मागे आहे, कोणी रक्तात फिरणाऱ्या बाळाच्या पेशीच अख्ख्या पकडायच्या म्हणतंय. सर सांगताना उभे राहतात, फळ्यावर काढतात. समोर मी एकटी, तरी विचारतात, “एनी क्वेश्चन्स?”

सरांची मुलगी अमेरिकेत याच विषयात संशोधन करते. बायको वारल्यापासून दोघांचं बोलणं जवळजवळ बंद आहे. कशावरून ते मी कधी विचारलं नाही. फोन नाही, येणं-जाणं नाही. पण तिचा पेपर छापून आला की सर त्याच दिवशी प्रिंट काढतात.

एका गुरुवारी तिचाच पेपर घेतला. मुलीचा आहे म्हणून सोडला नाही हं! आकडेवारीत एक कच्चा दुवा होता, तो लाल पेनानं दाखवला. मग शेवटच्या पानावर आले. आभारात तिनं गाइडचं नाव लिहिलं होतं, लॅबमधल्या मित्रांची लिहिली होती, नवऱ्याचं लिहिलं होतं. सरांचं नव्हतं.

सरांनी चष्मा पुसला, बोट खाली खाली नेलं आणि बारीक टायपातल्या संदर्भांवर एका ओळीशी थांबवलं. त्यांचाच एक जुना पेपर होता तो.

“आभारात नाही,” सर म्हणाले, “पण रेफरन्समध्ये आहे! म्हणजे वाचलं तर असणारच की!”

*

मुलगा की मुलगी, हे आम्ही सांगत नाही. कायद्यानं बंदी आहे, आणि रिपोर्टमध्ये ते येतही नाही. पण लोकांची डोकी काय चालतात म्हणता!

हुबळीच्या बाजारपेठेतले एक मोठे कापडवाले. मूळचे कोल्हापूरकडचे, तीन पिढ्या इथल्याच. सुनेला घेऊन आले. सोबत मुलगा, बायको, लेक, सगळं घर. सगळं ऐकून घेतलं आणि बाकीचे उठल्यावर माझ्या टेबलावर वाकून हळूच म्हणाले, “ताई, रिपोर्ट आला की तोंड गोड करायला येईन. काय आणू, पेढा का जिलेबी?”

मी म्हटलं, “मला शुगर आहे, काका!”

ते हलेनात. “बरं, तुम्ही खाऊ नका. नुसतं सांगा.”

“शुगरवाल्यांनी नावपण घ्यायचं नसतं!”

हसत हसत गेले. सून मात्र पर्स राहिली म्हणून परत आत आली. पर्स खांद्यालाच होती. दार ओढून घेतलं आणि विचारलं, “खरंच तुम्हालाही कळत नाही?”

“खरंच नाही गं.”

तिनं श्वास सोडला. “घरात सगळ्यांना माहीत आहे. मामंजींनी नाव ठरवलंय, सासूबाईंनी सोन्याचा करगोटा बघून ठेवलाय. माहीत नाही ते फक्त आपल्या दोघींना!”

आणि चक्क समोरच्या खुर्चीत बसली. बाहेरून हाका येईपर्यंत आम्ही दोघी बसून होतो.

*

कलघटगीची एक मुलगी. नवरा फौजेत, कुठंतरी बर्फात. रिपोर्ट त्याच्यासमोरच ऐकायचा म्हणून तिनं हट्ट धरला. व्हिडिओ कॉल लागला, पण चित्र गोठलेलं आणि आवाज तुटका.

मी म्हटलं, “अभिनंदन. रिपोर्ट लो रिस्क आहे.”

तिकडून आवाज आला, “रिस्क? काय रिस्क?”

“लो! लो!”

“हॅलो! हॅलो!”

“हॅलो नव्हे हो, लो!”

“हॅलो, मॅडम! ऐकू येतंय, बोला!”

मी खुर्चीवरून उठून ओरडतेय, “लो!” तो बर्फात ओरडतोय, “हॅलो!” वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या. ती मुलगी हसतेय का रडतेय कळेना. शेवटी मंजुळाक्कांनी हातातली सुई ठेवली, फोन ओढला आणि खणखणीत हुबळी कन्नडात सांगितलं, “यल्ला चलो ऐत्रि!” म्हणजे सगळं छान आहे.

पलीकडून बारीक आवाजात, “चलो ऐति?”

“चलो ऐति!”

तेव्हापासून मी रिपोर्ट सांगताना आधी हेच म्हणते, इंग्रजी मागाहून. तर ती मुलगी निघताना फोन छातीशी धरून मला म्हणाली, “मॅडम, फोनवर असं ओरडायला माणूस पाहिजे बघा.” चांगल्या मनानंच म्हणाली. मी हो म्हटलं.

*

सगळेच रिपोर्ट ‘चलो’ नसतात.

एक शिक्षिका होती. पहिलंच बाळ, तेही फार वर्षांनी. रक्ताचा रिपोर्ट हाय रिस्क आला, मग पोटातल्या पाण्याच्या तपासणीनं खात्री झाली. एक आजार, ज्यात बाळ जन्मलं तरी फार जगत नाही. मी सांगितलं. नवरा उठून बाहेर गेला. ती माझ्याकडे बघत राहिली.

“तुम्हाला मुलं आहेत?”

या प्रश्नाची मला भीती वाटते. कारण पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: मग तुम्हाला काय कळणार?

“नाहीत,” म्हटलं.

“मग जरा जवळ बसा,” ती म्हणाली. “मुलं असलेल्या सगळ्याजणी मला पुन्हा होईल गं, होईल गं म्हणतायत. मला ते आत्ता ऐकायचं नाही.”

मी खुर्ची तिच्या बाजूला नेली. त्या दिवशी मी एकही शहाणपणाचं वाक्य बोलले नाही.

पुढे तिनं जे ठरवलं ते तिनं आणि नवऱ्यानं ठरवलं. ते त्यांचं.

आता आमच्या कामातली एक रीत सांगते. बाहेर कुठं पेशंट दिसला तर ओळख द्यायची नाही. आधी मान आपण वळवायची. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस म्हणजे आमचा चेहरा! बाजारात, बसस्टँडवर, देवळात, मी मान वळवण्यात इतकी पटाईत झालेय की एकदा सख्ख्या वहिनीला बघून वळवली होती!

तर अण्णांच्या धाकट्या मुलीचं डोहाळजेवण. मी आत्या, पाटावर मानाची. पंगत बसली आणि वाढायला आली कोण? तीच शिक्षिका. अण्णांच्या जावयाची चुलत बहीण निघाली! मी ताबडतोब पानातल्या कोशिंबिरीकडे बघायला लागले.

वहिनी म्हणाली, “या आमच्या वन्सं. ओळख आहे का तुमची?”

“नाही हो,” ती म्हणाली. “आज पहिल्यांदाच बघतेय.”

आणि माझ्या पानात होळगी वाढली. पुरणपोळी हो, इथं होळगी म्हणतात. वर तूप. पुढे गेली, परत आली, आणखी एक. पुन्हा तूप. मी पानावर हात आडवा धरला तर हात बाजूला करून वाढली! शेजारच्या बाईला अर्धी, मला अख्खी. पंगत अर्ध्यावर आली तेव्हा माझं पान होळग्यांनी भरलेलं, आणि ओळख एका अक्षराची नाही!

शुगर असून सगळ्या खाल्ल्या.

*

एकदा एका बाईचा रिपोर्ट आलाच नाही. म्हणजे आला, पण काहीच्या बाही. एका गुणसूत्रात बिघाड, दुसऱ्यात बिघाड, तिसऱ्यात उलटाच बिघाड. कुठल्या एका बाळाला असं असणं शक्य नाही. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तेच. सोनोग्राफीत बाळ मजेत.

घरचे चिडले. “तुमच्या मशीनला काय झालंय?”

इनामदार सर मात्र रिपोर्ट पुन्हा पुन्हा बघत राहिले. गुरुवारी आम्ही वाचलं होतं की क्वचित असं दिसतं तेव्हा गोंधळ बाळाचा नसतो. आईच्या रक्तात तिचेही तुकडे असतातच, आणि तिच्या अंगात कुठं गाठ असेल तर त्या गाठीचेही. सरांनी तिच्या सगळ्या तपासण्या करायला लावल्या. सासू म्हणाली, “हिला काय धाड भरलीय? हिंडतेय फिरतेय की!”

छातीच्या आत गाठ निघाली, लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरची. वेळेत सापडली. गरोदरपणातच उपचार सुरू झाले, बाळही नीट जन्मलं. नवरा बारशाचे पेढे घेऊन आला आणि सगळ्या वॉर्डात सांगत सुटला, “बाळानं आईला वाचवलं! पोटात असतानाच वाचवलं!” बायका डोळे पुसायला लागल्या.

ती माझ्या खोलीत बसली होती, डोक्याला रुमाल. म्हणाली, “मॅडम, वर्षभर सांगत होते, दम लागतोय, घाम येतोय, वजन उतरतंय. सगळे म्हणायचे, काम टाळते.” मग बाळाकडे बघून हसली. “याची तपासणी केली म्हणून माझी झाली. हा नसता तर मला कोणी विचारलं असतं?”

बाहेर नवरा पेढे वाटत होता. हे सगळं ऐकत उभ्या असलेल्या मंजुळाक्का त्याला म्हणाल्या, “मला नको.” पेढ्याला नको म्हणालेल्या मंजुळाक्का मी तेवढ्या एकदाच बघितल्या.

*

आता शेवटचा. हा कसा सांगायचा मला अजून कळलेलं नाही, म्हणून झालं तसंच सांगते.

अळणावरजवळच्या एका खेड्यातल्या सासू-सुना आल्या. कष्टाची माणसं. सून तिशीच्या आतली, तिसरा महिना संपलेला. तिच्या गळ्यात काही नव्हतं, कपाळावर काही नव्हतं. सासूचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, लाकडाच्या लॉरीवर होता. लॉरी घाटात उलटली. तेरावा होऊन थोडेच दिवस झाले होते. तिकडच्या डॉक्टरांना पहिल्या तपासणीत शंका आली म्हणून त्यांनी आमच्याकडे पाठवलं. रिपोर्ट पुढे चांगला आला, ते आधीच सांगून टाकते. हा किस्सा रिपोर्टचा नाही.

सून काही बोलत नव्हती. सगळं सासूच विचारत होती.

“रगत हिचं काढनार, आनि बघनार बाळाचं?”

“हो. बाळाचं थोडं थोडं आईच्या रक्तात उतरत असतं.”

“कसं उतरतंय?”

मी नेहमीप्रमाणे सांगितलं. वार, तिच्यातून सुटणारे तुकडे, आईच्या अंगभर फिरणं. ती ध्यान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, “बाळात काय काय असतंय गे, बाई?”

“निम्मं आईचं. निम्मं वडिलांचं.”

तिनं सुनेकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

“निम्मं त्येचं?”

“हो.”

“म्हंजे ते हिच्या रगतात फिरूलालंय?”

“हो, मावशी.”

“आत्ता?”

मी इतकी वर्षं हे सांगतेय, पण ‘आत्ता’ असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “आत्ता.”

इनामदार सर फाइल घ्यायला आले होते, ते दारातच उभे राहिले. मंजुळाक्कांनी सुनेच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली. नळी भरत गेली. सुई काढून कापूस दाबला, नळी नेहमीप्रमाणे हलकेच खालीवर केली आणि स्टँडमध्ये ठेवायला वळल्या.

सासूनं हात पुढे केला. तळवा वर.

मंजुळाक्कांनी माझ्याकडे बघितलं. सँपल कुणाच्या हातात द्यायचं नसतं, हा आमचा नियम. मी सरांकडे बघितलं. सर वळले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मंजुळाक्कांनी नळी त्या तळव्यावर ठेवली.

तिनं मूठ मिटली. मुठीवर दुसरा हात ठेवला. सून पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघत होती.

मग सासू त्या मुठीकडे बघून म्हणाली, “ऊन हाय की रे अजून.”